लाळेवरून हाडांची तपासणी होईल का?



हाडांच्या दुखण्याविषयी आम्ही जेव्हा जेव्हा बोलतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: "रक्त न काढता तपासणी होत नाही का?" अलीकडे त्यात थोडी भर पडली आहे. कुणीतरी मोबाइलवर ऐकलेलं असतं, की आता म्हणे नुसत्या लाळेवरून हाडं ठिसूळ झाली आहेत का ते सांगतात. मग आम्हालाच का टोचता?

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. लाळेची तपासणी ही काही भूलथाप नाही. काही आजारांत ती आज खरोखर वापरली जाते. पण हाडांच्या बाबतीत ती कुठवर आली आहे, हे नीट माहीत नसलं तर दोन प्रकारे नुकसान होतं. 'लाळेची तपासणी आली की करू' असं म्हणत आजची तपासणी राहून जाते. नाहीतर कुणी शिबिर लावून, बाटलीत थुंकी घेऊन, पैसे उकळून निघून जातं. ही दोन्ही नुकसानं टाळावीत म्हणून आजचं हे बोलणं.

सुईची धास्ती

आधी सुईबद्दल बोलू. रक्त द्यायला बायका का कचरतात, याची कारणं आम्हाला ठाऊक आहेत. आधीच अंगात रक्त कमी, त्यात आणखी काढणार, ही पहिली भीती. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही, कारण २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्ताचं प्रमाण कमी आढळलं होतं. पण हिशेब करून पाहा. मोठ्या बाईच्या अंगात साधारण चार ते साडेचार लिटर रक्त असतं. तपासणीच्या एका नळीत तीन ते पाच मिलिलिटर जातं, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. एवढं रक्त शरीर सहज भरून काढतं. तपासणीसाठी रक्त दिल्यामुळे कुणाचं रक्त कमी होत नाही.

दुसरं कारण जास्त खरं आहे. रक्त द्यायचं म्हणजे सकाळी उपाशीपोटी तालुक्याला जायचं. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस. शिवाय शीर सापडली नाही तर दोन-तीनदा टोचणं. म्हणून लाळेची तपासणी ही केवळ सुईला घाबरणाऱ्यांची सोय नाही. घरबसल्या नमुना देता आला तर दूरच्या वस्तीवरच्या बाईचा अख्खा दिवस वाचेल. शास्त्रज्ञ त्यामागे लागले आहेत ते याच कारणासाठी.

हाडांची कणगी आणि रक्ताचा डबा

आता हाडांकडे वळू. हाड म्हणजे सुकलेलं लाकूड नव्हे. ते जिवंत असतं. त्यात दोन प्रकारच्या पेशी सतत कामाला असतात. एक गट जुनं हाड पोखरून काढतो, दुसरा गट तिथे नवं हाड भरतो. जसं आपण दरवर्षी भिंतीचा पोपडा आलेला भाग खरवडतो आणि नवा गिलावा देतो, तसंच. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा बदलला जातो.

तिशीपर्यंत भरणं जास्त असतं. त्यानंतर दोन्ही कामं जेमतेम बरोबरीने चालतात. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम कमी होतं, पोखरणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज झपाट्याने होते. आपल्याकडे पाळी जाण्याचं वय साधारण ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा काही वर्षं आधीच. म्हणजे झिजेची सुरुवातही आधीच होते. हाडं अशी आतून पोकळ, जाळीदार होत जातात त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मराठीत आपण हाडं ठिसूळ होणं म्हणतो. यात दुखतंच असं नाही. बऱ्याचदा मोरीत घसरून मनगट किंवा खुबा मोडतो, तेव्हाच कळतं.

मग रक्तातलं कॅल्शियम तपासलं की झालं, असं बऱ्याच जणींना वाटतं. इथेच मोठा गैरसमज आहे. अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात अगदी थोडं. पण ते थोडंसं कॅल्शियम हृदय चालायला, स्नायू आखडायला-सैलावायला लागतंच लागतं. म्हणून शरीर काय करतं? घरात धान्याची कणगी असते आणि स्वयंपाकघरात रोजच्या वापराचा डबा असतो. डबा रिकामा झाला की आपण कणगीतून काढून भरतो. पाहुण्याला डबा भरलेलाच दिसतो. कणगीचा तळ कधी लागला ते त्याला कळत नाही. रक्त म्हणजे तो डबा आणि हाडं म्हणजे कणगी. ऑस्टिओपोरोसिस झालेल्या बाईच्या रक्तातलं कॅल्शियम बहुतेक वेळा अगदी बरोबर येतं. त्यामुळे "कॅल्शियम नॉर्मल आहे, म्हणजे हाडं चांगली" असं समजू नका.

मग रक्त तपासतात कशासाठी?

हाडं किती भरीव आहेत हे मोजायची मान्य पद्धत म्हणजे डेक्सा. हा अगदी कमी ताकदीच्या क्ष-किरणांचा फोटो असतो. खुबा आणि कंबरेचे मणके यांत खनिज किती आहे ते त्यातून कळतं. त्याचा निकाल टी-स्कोअर म्हणून येतो. उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ मध्ये ठरवली. म्हणजे हाडं ठिसूळ आहेत का, या प्रश्नाचं उत्तर रक्त देत नाही. ते फोटो देतो.

रक्ताची कामं वेगळी आहेत आणि ती दोन आहेत.

पहिलं, कारण शोधणं. हाडं दुखण्यामागे ड जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. त्यात हाड मऊ पडतं. लहान मुलांत त्यालाच आपण मुडदूस म्हणतो. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असतील, थायरॉइडचा बिघाड असेल, मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा मल्टिपल मायलोमा हा रक्तपेशींचा कर्करोग हाडं पोखरत असेल. बाहेरून सगळ्यांची तक्रार एकच, "कंबर धरली". आतलं कारण रक्तातून उलगडतं.

दुसरं काम, औषध लागू पडतंय का ते बघणं. हाड पोखरलं जातं तेव्हा त्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाचे तुकडे रक्तात येतात. त्यातल्या एका तुकड्याला सीटीएक्स म्हणतात. नवं हाड भरलं जातं तेव्हा वेगळा तुकडा सुटतो, त्याचं नाव पीवनएनपी. खरवडणं किती आणि गिलावा किती, हे या दोहोंवरून कळतं. डेक्साच्या फोटोत औषधाचा फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात. रक्तातल्या या खुणा साधारण तीन महिन्यांतच सांगतात की झीज थांबायला लागली की नाही. यातलं सीटीएक्स मात्र सकाळी उपाशीपोटीच द्यावं लागतं, कारण जेवणाने आणि दिवसाच्या वेळेने ते बदलतं.

आता तुमच्या लक्षात येईल की लाळेची सर्वांत जास्त गरज कुठे आहे. डेक्साची जागा लाळ घेऊ शकणार नाही. पण पुन्हापुन्हा द्यावं लागणारं हे रक्त लाळेने वाचवता आलं, तर मोठीच सोय होईल.

लाळ म्हणजे रक्ताची चाळलेली आवृत्ती

लाळ, थुंकी आणि बेडका हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण तपासणीत त्यांचा अर्थ वेगळा आहे. क्षयरोगासाठी आशाताई डबी देतात तेव्हा सांगतात, "छातीतून खाकरून बेडका काढा, नुसती थुंकी नको." तिथे फुप्फुसातला कफ हवा असतो आणि लाळ निरुपयोगी ठरते. आपण बोलतोय ते नेमकं उलटं आहे. इथे तोंडातली स्वच्छ, पातळ लाळ हवी, खोकून काढलेला कफ नको.

लाळ तयार होते ती मुख्यतः तीन जोड ग्रंथींत. एक जोडी कानांपुढे, एक जबड्याखाली आणि एक जिभेखाली. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्यात ९९ टक्के पाणी असतं. या ग्रंथींभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि रक्तातल्या काही गोष्टी झिरपून लाळेत येतात. पीठ चाळतो तेव्हा बारीक पीठ खाली पडतं आणि कोंडा वर राहतो ना, तसंच. आकाराने लहान आणि स्निग्ध पदार्थांत विरघळणारी संप्रेरकं सहज खाली येतात. मोठी प्रथिनं वरच अडकतात किंवा अगदी थोडी उतरतात.

म्हणून एक सरळ नियम निघतो. जी गोष्ट चाळणीतून नीट उतरते, तिची तपासणी लाळेतून करता येते. जी उतरत नाही, तिची करणं अवघड जातं.

जिथे लाळ खरोखर कामाला आली

लाळेचं सगळ्यात चांगलं उदाहरण हाडांशी जोडलेलंच आहे. कॉर्टिसॉल नावाचं एक संप्रेरक असतं. कुशिंग्ज या आजारात ते अंगात जास्त होतं. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय बारीक राहतात, कातडीवर लगेच काळे-निळे डाग पडतात आणि हाडं ठिसूळ होतात. निरोगी माणसात कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि मध्यरात्री अगदी कमी असतं. या आजारात ते रात्रीही उतरत नाही. म्हणजे तपासायचं ते मध्यरात्री.

आता मध्यरात्री बाईला दवाखान्यात नेलं, सुई टोचली, तर भीतीनेच कॉर्टिसॉल वाढणार! इथे लाळ रक्तापेक्षा सरस ठरते. बाईने घरीच, झोपायच्या वेळी कापसाचा बोळा तोंडात धरायचा, नळीत ठेवायचा आणि सकाळी पोचवायचा. सहसा दोन वेगवेगळ्या रात्री असा नमुना घेतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने या आजाराच्या पहिल्या तपासण्यांमध्ये या लाळेच्या तपासणीला जागा दिली. कॉर्टिसॉल लहान आहे, स्निग्धात विरघळतं, चाळणीतून सहज उतरतं. त्यामुळेच हे जमलं.

आणखी दोन उदाहरणं. अमेरिकेत २०१२ मध्ये हिरड्यांवरून काडी फिरवून घरच्या घरी एचआयव्हीची तपासणी करायला परवानगी मिळाली. तिथेही एक अट आहेच. निकालात संसर्ग दिसला तर खात्री दुसऱ्या तपासणीनेच करायची. आणि आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेचं काम तर कोरोनाच्या काळात सगळ्यांनी ऐकलं. मिठाच्या पाण्याची गुळणी करून ती नळीत द्यायची, नाकात काडी घालायला नको. २०२१ मध्ये आयसीएमआरने त्या पद्धतीला मान्यता दिली. गुळणी म्हणजे नुसती लाळ नव्हे, पण नमुना देणं सोपं झालं की तपासणीला माणसं पुढे येतात, हे त्यातून दिसलं.

हाडांच्या खुणा लाळेत सापडतात का?

सापडतात. २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की हाडांच्या घडामोडींच्या काही खुणा माणसाच्या लाळेत मोजता येतात. २००८ च्या सुमारास जपानमधल्या संशोधकांनी अतिशय संवेदनशील यंत्र वापरून लाळेतलं ड जीवनसत्त्व मोजलं. तेहरानच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या आणि तोंड कोरडं पडण्याची तक्रार असलेल्या बायकांच्या लाळेत कॅल्शियम जास्त असल्याचं नोंदवलं.

मग अडलंय कुठे? आम्ही एकेक अडचण सांगतो.

पहिली अडचण प्रमाणाची. ड जीवनसत्त्व रक्तात प्रथिनाला घट्ट चिकटून फिरतं. चाळणीतून उतरतो तो अगदी थोडा सुटा भाग. त्यामुळे लाळेतलं प्रमाण रक्ताच्या मानाने हजार पटींहून कमी असतं. तालुक्याच्या प्रयोगशाळेतलं नेहमीचं यंत्र ते पकडू शकत नाही. महागडं यंत्र लागतं, म्हणजे सुई वाचली तरी खर्च वाढला.

दुसरी अडचण, लाळेचं स्वतःचं काम असतं. दातांवरचं कवच झिजू नये म्हणून लाळेत मुळातच कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर ठेवलेलं असतं. ते दातांसाठी असतं. शिवाय लाळ पातळ सुटली की प्रमाण बदलतं, घट्ट सुटली की पुन्हा बदलतं. चिंचेचं नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं, आणि आकडा हलतो! म्हणून लाळेतल्या कॅल्शियमवरून खुब्याच्या हाडाचा अंदाज बांधता येत नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी आहे, ती म्हणजे हिरड्या. दात जबड्याच्या हाडात रुतलेले असतात. हिरड्या सुजल्या, त्यात पू झाला, की तिथलं हाड झिजतं आणि त्याचे तुकडे थेट लाळेत येतात. म्हणजे लाळेत हाडाची खूण सापडली तरी ती कंबरेच्या मणक्यातून आली की दाढेखालच्या हाडातून, हे कसं ओळखायचं? हाडांच्या रक्ततपासणीत बघतात तो अल्कलाइन फॉस्फेटेज हा घटकही लाळेत असतो, पण तो हिरड्यांच्या पेशींतून आणि तोंडातल्या जंतूंकडूनही येतो. उलट, हिरड्यांच्याच आजारासाठी मात्र लाळ फार उपयोगी आहे. तिथे लाळेतल्या खुणांवर बराच अभ्यास झाला आहे, कारण रोग आणि लाळ शेजारीच राहतात.

मिश्री, तंबाखू आणि आपली लाळ

ही तिसरी अडचण आपल्या भागात आणखी वाढते. आपल्याकडे कितीतरी जणी मिश्री लावतात. काही तंबाखू मळतात, काही पान खातात. मिश्रीने हिरड्या मागे सरतात, त्यांतून रक्त येतं. लाळेत रक्ताचा एक थेंब मिसळला, तरी ती तपासणी लाळेची राहत नाही. रक्तात खुणा जास्त असतात, म्हणून आकडा फुगतो. याच कारणाने लाळ द्यायच्या आधी दात घासू नका, काही खाऊ नका, असं सांगतात. आणि कॉर्टिसॉलच्या तपासणीत तर तंबाखू चघळणं आणि ज्येष्ठमध खाणं या दोन्हींनी चुकीचा, जास्तीचा आकडा येऊ शकतो.

याची दुसरी बाजूही ऐका. वय वाढलं, पाळी गेली, मधुमेह झाला, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या काही गोळ्या सुरू झाल्या, की काही जणींचं तोंड कोरडं पडतं. म्हणजे जिला हाडांच्या तपासणीची जास्त गरज, तिलाच पुरेशी लाळ देता येत नाही. लाळेची तपासणी तयार करणाऱ्यांना या सगळ्याचा विचार करावा लागेल. प्रयोगशाळेतल्या निरोगी तोंडांवर जमलेली तपासणी आपल्या गावात जमेलच असं नाही.

ही तपासणी कुणासाठी यायला हवी

एवढ्या अडचणी असताना आशा का धरायची? त्यासाठी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं उदाहरण पुरेसं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. कितीतरी जणींची शस्त्रक्रिया ऐन तरुण वयात झालेली होती. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले असतील, तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी तुटतं. पाळी हळूहळू जाणाऱ्या बाईला जी झीज पन्नाशीकडे सुरू होते, ती हिला तिशी-पस्तिशीत सुरू होते. आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं काम तसंच चालू राहतं.

या बाईच्या हाडांची तपासणी करायची कधी? दिवाळीच्या सुमारास ती कोयता घेऊन घर सोडते आणि उन्हाळ्यात परत येते. आज या कारखान्याच्या फडात, उद्या दुसऱ्या. उपाशीपोटी सकाळी आठला प्रयोगशाळेत ती कशी पोचणार? अशा बाईला खोपीत बसून एका नळीत लाळ देता आली आणि तीन महिन्यांनी पुन्हा देता आली, तर तिचं औषध लागू पडतंय का ते कळेल. म्हणून हे संशोधन व्हायला हवं असं आम्हाला वाटतं. श्रीमंत बाईची सुई वाचावी एवढ्यासाठी नव्हे, तर जिच्यापर्यंत सुईही पोचत नाही तिच्यासाठी.

पण ते होईपर्यंत तिला थांबायला सांगणं योग्य नाही. बीजांडकोश काढले असतील, तर त्या कागदावर काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून वाचून घ्या आणि हाडांविषयी आजच विचारा.

शिबिरात कुणी थुंकी मागितली तर

आज ऑस्टिओपोरोसिसचं निदान करण्यासाठी लाळेची मान्यताप्राप्त तपासणी नाही. म्हणून कुणी तशी जाहिरात केली, तर तीन प्रश्न विचारा. एक, या तपासणीत नेमकं काय मोजता? दोन, निकाल वाईट आला तर पुढे डेक्सा किंवा रक्ततपासणी करायला सांगणार का? तीन, हा कागद सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मानतील का? उत्तरात लगेच पावडरचा डबा किंवा गोळ्यांचं पाकीट पुढे आलं, तर उठून या.

टाचेवर यंत्र लावून हाडं मोजतात, ते वेगळं आहे. ती ध्वनिलहरींची तपासणी असते. तिच्यावरून कुणाला पुढे पाठवायचं याचा अंदाज येतो, पण पक्कं निदान आणि औषध त्यावर ठरवू नये. आणि यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत जिथे विहिरी-हापशांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे हाडं आणि सांधे आखडत असतील तर पाण्याची आणि लघवीची तपासणी महत्त्वाची. म्हणजे प्रत्येक दुखण्याचा साक्षीदार वेगळा असतो. कुठे फोटो, कुठे रक्त, कुठे लघवी आणि काही ठिकाणी लाळ.

आज आपल्या हातात काय आहे

घरात एक सोपी तपासणी आहे. तिला ना सुई लागते ना लाळ. चौकटीला पाठ लावून उभं राहा आणि उंचीची खूण करा. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड इंच कमी झाली असेल, पाठीला बाक आला असेल, तर मणके दबले असण्याची शक्यता असते. डॉक्टरांना दाखवा. पाळी ४५ च्या आत गेली असेल, साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, आईचा खुबा मोडला असेल, किंवा दमा-संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील, तरीही दाखवा.

रक्त द्यायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा. उपाशी राहायचं का ते आदल्या दिवशीच विचारून घ्या. पाणी पिऊन जा, म्हणजे शीर सापडायला मदत होते. सुईची धास्ती असेल तर तसं सांगा आणि आडवं पडून रक्त द्या. नंतर कोपर न दुमडता, हात सरळ ठेवून कापूस थोडा वेळ दाबून धरा. काळं-निळं होत नाही. पुढच्या वेळी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत जा, म्हणजे जुना-नवा आकडा ताडून पाहता येतो.

कणगी भरायचं काम तर रोजचंच. मोठ्या बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी गेलेल्या बाईला १२००, असं आयसीएमआर सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, शेवग्याच्या पाल्यात ३०० च्या वर. तीळ, दूध, ताक, दही आहेच. घरात दूध सगळ्यांना वाटून उरलं तर आपण, असं करू नका. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. अंगावर ऊन घ्या, चालतं-फिरतं राहा, मिश्री सोडा. मोरीतलं शेवाळ खरवडा आणि रात्री उठायच्या वाटेवर दिवा असू द्या. खुबा मोडतो तो बऱ्याचदा अशाच अंधारात.

लाळेची तपासणी तयार झाली, मान्य झाली, आपल्या उपकेंद्रापर्यंत आली, की आम्ही आनंदाने तुम्हाला सांगूच. तोवर या महिन्यात चौकटीवर स्वतःच्या उंचीची खूण करा, आणि सासूबाईंना, आईलाही तिथे उभं करा.